उपाशी नखी

नखीचा वास आधी आला, नखी नंतर सापडली. मायच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या तळाशी हात घातला, आणि बोटांना काही लागायच्या आत तो वास नाकात शिरला. लोखंड, मशीनचं तेल, आणि केळीच्या चिकाचा जुना तुरट वास. माय जाऊन चार वर्षं झाली, तरी पेटी कोणी उघडली नव्हती. वहिनीला धीर होत नव्हता. "तुम्हीच बघा वन्सं, तुम्हाला ठाऊक कुठं काय ते," म्हणाली आणि दारातच उभी राहिली. मला ठाऊक होतंच. ठाऊक होतं म्हणूनच चार वर्षं मीही टाळत होते.

नखी म्हणजे आमच्या आबांचा घडीचा चाकू. पातं वाकडं, मांजरीच्या नखासारखं, म्हणून नखी. मूठ सागाची, तिला दोन पितळी खिळे. मिटली की बाईच्याही मुठीत मावते. उघडताना अंगठ्याच्या नखानं पातं ओढायचं, अर्ध्यावर ते अडतं, मग खट् करून सरळ होतं. सरळ म्हणजे वाकडंच, पण ताठ.

पलीकडच्या खोलीत माझी भाची ज्योती तीन दिवसांच्या लेकीला घेऊन निजली होती. सुरतेच्या डिंडोलीतलं भावाचं हे घर आता दुमजली आहे, खाली फरशी, वर पाण्याची टाकी, समोर उंच उंच बिल्डिंगी. पण बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवायची रीत काही सुटलेली नाही. ज्योतीला विचारलं तर हसली, "ठेवा ना, मला कुठं टोचतंय!" वहिनीला मात्र हीच नखी हवी होती, कारण ज्योती जन्मली तेव्हा हीच तिच्या उशाशी होती. आणि मला नको होती, कारण हिच्या सांध्यात काळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकलेला आहे. तांदळाच्या दाण्याएवढा. खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं. आहे अजून.

आबा चोपड्याकडच्या केळीच्या बागांतून सुरतेला आले ते एक कापडी पिशवी आणि ही नखी घेऊन. बागेत हिच्यानं केळीची पानं उतरवायची, इथं आल्यावर हिला शंभर कामं लागली. सकाळी दातणाची काडी तासायची. मग लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, सुतळ्या कापायच्या, बारदानाचे टाके उसवायचे. संध्याकाळी भरताच्या वांग्याला भाजण्याआधी चीर द्यायची. चलथाणच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर जायचे, आमच्या खोल्यांच्या लाइनीतली पोरं मागून लोंबकळून ऊस ओढायची, आणि आबा ओट्यावर बसून सगळ्यांना सोलून द्यायचे. सालाची पट्टी निघताना जो करकर आवाज होई तो ऐकूनच तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या टाचेतला बाभळीचा काटा हिनं काढला. संक्रांतीच्या उत्तरायणात भावाच्या बोटात रुतलेला मांजा हिनं कापला. माझ्या सगळ्या पेन्सिली हिनं खाल्ल्या.

हिचे नियम दोन. एक, हातातून हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची, ज्याला हवी त्यानं उचलायची. नाहीतर भांडण लागतं. तो नियम आमच्या घरात कोणी पाळला नसावा, भांडणं काही कमी झाली नाहीत. दुसरा नियम मात्र आबांनी कधी मोडू दिला नाही. "उघाडी का कापानं. उपाशी मिटानं नही." उघडली की काहीतरी कापायचं. काही नसलं तर गवताची काडी, स्वतःच्या सदऱ्याचा लोंबता दोरा, काहीही. उपाशी मिटलेलं लोखंड घरात आणलं की ते स्वतःच आपलं पोट भरतं, असं ते म्हणत. कसं भरतं हे विचारलं की डोळे मोठे करून गप्प बसत, आणि आम्ही गोधडीत शिरत असू.

एकदा दिवसाउजेडी रेल्वेच्या रुळाकडेच्या पायवाटेवर तिघांनी त्यांना अडवलं. आबांनी नखी काढली, खट् उघडली, पिशवीतून पेरू काढला आणि चालता चालता फोडी करून खायला लागले. खातच तिघांच्या मधून निघून आले. घरी सांगत होते तेव्हा मायनं विचारलं, "भ्या नही वाटनं का तुमले?" आबा म्हणाले, "वाटनं ना. म्हनीसन तं पेरू खादा." आम्ही हसून हसून लोळलो. पुढं माझ्यावर वेळ आली तेव्हा माझ्याकडे पेरू नव्हता.

आबा थंडीत गेले, छातीच्या दुखण्यानं. त्याच वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ज्योती झाली. मायनंच तिला हातावर घेतलं. पहिली आंघोळ घालून मायनं नखी उघडली, कडुलिंबाची डहाळी कापली, मिटली आणि वहिनीच्या उशाखाली सरकवली. आता सव्वा महिना ही इथून हलायची नाही, तिनं सगळ्यांना बजावलं. भाऊ गावी निघाला, नात झाल्याची खबर द्यायला आणि वहिनीच्या आईला आणायला. दोन दिवसांत येतो म्हणाला.

आणि दोन दिवसांत सुरतेत प्लेग आला.

चौऱ्याण्णव सालचा तो सप्टेंबर. लोक अजून विचारतात, कसा होता गं प्लेग? मी काय सांगणार! मी प्लेग पाहिला नाही, मी फक्त माणसं जाताना पाहिली. आमच्या लाइनीत वीस खोल्या. एका दुपारी त्यातल्या सतरा खोल्यांना कुलपं लागली. कोणी ट्रकवर चढलं, कोणी आगगाडीच्या टपावर. शेजारची काकू कणीक मळत होती, ती मळलेली कणीक तशीच परातीत ठेवून गेली. आम्ही कुठं जाणार? बाळंतीण, पाच दिवसांचं पोर, आणि घरात पुरुष नाही. गावाकडे सुरतेहून आलेल्यांना वेशीवरच अडवतात, अशी बोलवा होती. भाऊ तिकडेच अडकला.

सगळ्यात आधी गेला तो आवाज. ज्यानं लूमशेजारी जन्म काढला नाही त्याला हे कळायचं नाही. दिवसरात्र खटाखट, खटाखट, कधी बंद म्हणून नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात, अजूनही. तो आवाज थांबला आणि पहिले दोन दिवस आम्ही सवयीनं ओरडतच होतो. "मीठ कोठे शे?" माय विचारायची आणि ते सगळ्या रिकाम्या लाइनीतून फिरून यायचं. मग आपोआप आम्ही कुजबुजायला लागलो. शेजारच्या बंद खोलीत गजराचं घड्याळ होतं. रोज सहाला ते वाजायचं, वाजत राहायचं, बंद करायला कोणी नाही. माझी माय भिंतीला हात लावून म्हणायची, "व्हयनं, व्हयनं, उठनूत आम्ही."

दारोदार पांढऱ्या पावडरीच्या रेघा. कडुलिंबाचा आणि गंधकाचा धूर. गणपतीच्या मांडवात मूर्ती नाही, पडदे मात्र तसेच हलताहेत. आणि जे थोडे लोक दिसत त्यांची तोंडं बांधलेली, तीही कशानं, तर साडीच्या कापलेल्या तुकड्यांनी. सुरतेत दुसरं काय मिळणार! गुलाबी फुलांची तोंडं, जरीकाठाची तोंडं. लग्नाला निघाल्यासारखी नटलेली, आणि वर नुसते डोळे. ते डोळे मला अजून स्वप्नात दिसतात, खोटं कशाला बोलू.

त्यात पितरांचा पंधरवडा. आबांचं पहिलं वर्ष, पण घरात सोयर, म्हणून त्यांचं पान टाकता आलं नाही. माय ओट्यावर बसून पत्र्यावरच्या कावळ्यांकडे बघायची. "यंदा उपाशी राह्यना तो," एवढंच म्हणायची.

वहिनीला ताप भरला. बाळंतपणाचाच ताप, माय म्हणाली, पण ताप असलेल्यांना गाडीत घालून नेतात असं कानावर आलेलं, त्यामुळे वहिनीनं कण्हायचंसुद्धा नाही असं ठरलं. ती ओठ चावून पडून राही. तापानं तिचं दूध आटलं. ज्योती आधी रडायची. मग कुरकुरायची. नवव्या दिवशी सकाळी तिनं कुरकुरही सोडलं, नुसतं तोंड उघडायची आणि मिटायची. मायनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किटली माझ्यासमोर ठेवली. दूधवाले पळालेले. लूमच्या खात्यांच्या पलीकडे, उसाच्या शेताला वळसा घालून एक म्हातारा भरवाड शेळ्या घेऊन राहायचा. तो कुठं जाणार, शेळ्यांना गाडीत कोण घेणार? "त्यानाकडथून दूध ली ये. कोठे थांबू नको."

मी पंधरा वर्षांची. बंद खोल्या फोडणारे फिरताहेत, असं आदल्याच दिवशी ऐकलेलं. मी मायला म्हटलं, नखी नेऊ? तिनं मला असं पाहिलं की मी पुन्हा विचारलंच नाही. नऊ दिवसांच्या जिवाची राखण काढून नेणार? ती चूल फुंकायला वळली. वहिनी तापात डोळे मिटून पडलेली. मी उशाखाली हात घातला, नखी काढली, आणि तिच्या जागी मायचा अडकित्ता सरकवला. लोखंड ते लोखंड, असा माझा हिशेब. माझी अक्कल तेवढीच.

जाताना काही झालं नाही. लूमची खाती म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेडं, दोन्ही बाजूंना, मधून बोळ. त्या बोळात उन्हाचा पट्टा आणि मधोमध बसलेलं कुत्रं. कुत्रं उठलं नाही, भुंकलंही नाही, मला जाऊ दिलं. एका शेडातून लूमचा आवाज येत होता. एकाच लूमचा. खटाखट, खटाखट. मी थांबले नाही, पण माझा ऊर भरून आला. कोणीतरी परतलंय! पुढं ऊस लागला, डोक्याच्या वर गेलेला, वारा नसताना सळसळणारा. मी नखी मुठीत आवळून मनातल्या मनात पाढे म्हणत गेले. तेराचा नेहमी अडायचा, त्या दिवशी सरळ आला.

भरवाडाच्या तोंडाला काही बांधलेलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी पुऱ्या माणसाचं तोंड पाहून मला रडूच आलं. त्यानं विचारलं, "एकली आवी, बेन?" मग काही न बोलता किटली भरून दिली. निघताना मात्र म्हणाला, "रस्तामां ऊभी नो रे'ती." वाटेत उभी राहू नकोस.

आणि मी उभी राहिले. परतताना सूर्य डोक्यावर आलेला. आमच्यात भर दुपारी बाराला वाटेत थांबू नये म्हणतात, ती वेळ मोकळी नसते. लूम चालूच होता. मी आत पाहिलं ते भीतीनं नाही, हौसेनं पाहिलं, हे सांगायला हवं. मला माणूस बघायचा होता.

शेडाचं दार अर्धं उघडं, मी आत शिरले. आत पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडलेले, कापसाची धूळ तरंगत होती. पन्नास लूम गप्प, आणि मधला एक चालू. त्याच्यावर सूत नव्हतं, कापड नव्हतं. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे, काही न विणता. आणि जवळ कोणी नाही.

"पानी शे का व माय?"

माझ्या मागे, भिंतीला टेकून, तो बसला होता. तोंडाला गुलाबी फुलांचं कापड, जरीचा काठ नाकावर आलेला. डोळे लाल. मी ओरडले नाही. माझ्या हातानं नखी उघडली, मी नाही. खट्. पातं त्याच्यासमोर धरून मी उभी राहिले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथं तर समोर माणूस होता, माझ्याच भाषेत बोलणारा.

तो हलला नाही. दम लागलेल्या आवाजात म्हणाला, "भ्याऊ नको. आवाज बंद व्हयना तं डोकं फिरस, म्हनीसन चालू ठेवेल शे." लूमबद्दल बोलत होता. बरोबरचे लोक निघून गेले, याला उठवेना, म्हणून राहिला. मग त्यानं किटलीकडे पाहिलं. "पानी शे?"

"दूध शे," मी म्हटलं. "लहानी पोरनं."

"मंग राहू दे." लगेच म्हणाला. जराही न थांबता.

मी मागे सरकायला लागले, आणि सरकता सरकता नखी मिटायला लागले. तेवढ्यात तो पुढं झुकला. "अव् माय! उघाडी ना तू? मंग काहीतरी काप. उपाशी मिटू नको. घरमा लहानी पोर शे ना?" त्यानं उजवा हात पुढं केला. मनगटावर हिरवं गोंदण आणि त्यावर काळा दोरा, राखणीचा, बायका पोरांना नि नवऱ्यांना बांधून देतात तसला. "हाऊ काप."

माझ्या सदऱ्याचा दोरा कापता आला असता. गवताची काडी होती, वेणीचं टोक होतं. पण त्या वेळी यातलं काही सुचलं नाही. मी वाकले. त्याच्या हाताची धग माझ्या बोटांना लागली. वाकडं पातं दोऱ्याखाली गेलं, जरासं ओढलं, आणि दोरा तुटून त्याच्या मांडीवर पडला. त्यानं तो पाहिला. मग मला म्हणाला, "जाय आते. दूध नासी जाई."

मी पळाले. मागून तो आणखी काही म्हणाला असेल, लूमच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

घरी वेगळाच तमाशा. मायला सुपारी हवी होती आणि तिला अडकित्ता सापडत नव्हता. तिनं फडताळ पालथं घातलं होतं, चुलीची राखसुद्धा उकरली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! चोराच्या मनात चांदणं, मी दारात पाऊल टाकलं आणि नजर उशीकडेच गेली. मायनं उशी उचलली. "अडकित्तावर निजाडी दिनी मनी नात!" तिनं मला मारायला हात उचलला आणि किटली बघून खाली घेतला.

आधी दूध. पाणी घालून उकळलं, कापसाची वात बुडवून ज्योतीच्या ओठांना लावली. पहिल्या तीन वाती तशाच वाहून गेल्या. चौथी तिनं धरली. चोखताना तिच्या कानशिलाजवळ बारीक शीर हलली, ती हलताना मी पाहिली.

मग मायनं नखी मागितली. मी जमिनीवर ठेवली, तिनं उचलली. उघडली आणि सांध्यातला काळा तुकडा तिला दिसला. "काय काप्यं?"

"दोरा."

"कोना?"

मी सांगितलं. रिकामा लूम, गुलाबी कापड, उपाशी मिटू नको म्हणाला, हात पुढं केला. माय ऐकत गेली तसा तिचा राग ओसरत गेला आणि चेहरा भलताच झाला. तिनं सुईनं तो तुकडा काढायचा प्रयत्नही केला नाही. हात जोडले. "तुना बापच व्हता तो," ती म्हणाली. "नही तं नखीनी गोष्ट कोनले माहीत? उपाशी व्हता, तरी नातनासाठे उना." आणि तिनं नखी उशाखाली ठेवली. "आते पोट भरेल शे तिनं."

आबांच्या अंगावर गोंदण नव्हतं. हे मी त्या वेळी बोलले नाही. आबांचे हात शेवटच्या दिवसांत बर्फ होते, आणि त्या माणसाची धग अजून माझ्या बोटांवर होती, हेही बोलले नाही. उपाशी लोखंडाची गोष्ट चोपड्याकडे पन्नास घरांत ठाऊक असेल. पण माय कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा रडत होती आणि हसत होती, आणि वहिनी तापातही कूस वळवून ऐकत होती. मी त्यांना त्यांचे आबा देऊन टाकले. वहिनीचा ताप दोन दिवसांत उतरला, दूध आलं. मग तर शंकाच नको.

पंधरवड्यानं माणसं परतली. कुलपं निघाली. शेजारच्या काकूनं परातीतली बुरशी आलेली कणीक बाहेर टाकली आणि घड्याळ बंद केलं. लूम सुरू झाले, आम्ही पुन्हा ओरडून बोलायला लागलो. त्या शेडातून एका माणसाला गाडीत घालून नेल्याचं कोणी म्हणायचं. कोणी म्हणायचं जिवंत होता, कोणी म्हणायचं नव्हता. कोणी म्हणायचं तिथं कोणी नव्हतंच. मी त्या बोळातून पुन्हा गेले नाही. शाळेला लांबच्या वाटेनं जायची. माय म्हणायची, बापाला भेटली त्या जागेला पोर भिते, वेडीच आहे.

सव्वा महिन्यानं नखी मायनं माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. "आते तूच बाळग." मी बाळगली. साड्यांचे धागे कापायच्या कामाला जायला लागले तेव्हा डब्याच्या पिशवीत नखी असायची. तिनं धागे कापले, लेस कापली, मैत्रिणींच्या चपलांचे अंगठे शिवताना दोरा कापला. शेअर रिक्षात एकदा एकजण अंगचटीला यायला लागला, तेव्हा मी नखी उघडली आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद सावकाश कापत बसले. तो पुढच्या चौकात उतरला. आबा असते तर खूश झाले असते. पण माझ्या पिशवीत तेव्हापासून नेहमी दोऱ्याचं एक रीळ असायचं, कापायला काही नाही अशी वेळ यायला नको म्हणून. मैत्रिणी हसायच्या. लग्न होऊन नंदुरबारला गेले तेव्हा नखी मायच्या पेटीत ठेवली, ती आजतागायत.

ज्योतीच्या प्रत्येक वाढदिवसाला माय ही गोष्ट सांगायची. तुझे आजोबा तुझ्यासाठी आले होते, पोरी. मग माय थकली आणि सांगायचं माझ्याकडे आलं. मी चांगली सांगते, सगळे म्हणतात. लूमचा आवाज काढते, डोळे मोठे करते. कुठं थांबायचं ते मला ठाऊक आहे.

परवा ज्योतीच म्हणाली, "आत्या, सांगा ना. हिला पण ऐकू द्या." लेक छातीशी धरलेली, उशाखाली नखी. वहिनी दाराशी बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत बसली होती. मी सांगायला लागले. किटली, कुत्रं, ऊस, भरवाड. पण मुलगी फार सावकाश दूध पीत होती, कानशिलाजवळची शीर हलत होती, आणि माझं लक्ष तिकडे गेलं. तेवढ्यात जी गोष्ट मी कधीच कोणाला सांगितली नव्हती, मायलासुद्धा नाही, ती तोंडातून गेली. मी म्हणाले, "आणि मागून आवाज आला, पानी शे का व माय."

म्हणाले आणि पुढं निघाले, दोऱ्याकडे. पण ज्योतीनं मला थांबवलं.

"पाणी मागितलं? हे कधी नाही सांगितलंत."

"सांगितलं असेल."

"नाही सांगितलंत. मग दिलंत ना पाणी? आजोबांना?"

वहिनीचे हात घडीवर थांबले. मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

दाराशीच माठ होता. शेडाच्या दाराशी, आत शिरताना उजव्या हाताला, ओल्या गोणपाटावर. वर ॲल्युमिनियमचा पेला उपडा घातलेला. मी आत जाताना पाहिला होता आणि बाहेर पळताना माझा पाय त्याला लागला, पेला खाली पडून लोळत गेला. तो बसला होता तिथून चार पावलं. त्याला उठवत नव्हतं. मला दिसत होतं त्याला उठवत नाही ते. त्याचा दोरा कापायला मी त्याच्याजवळ गेले, एवढी जवळ गेले, आणि तो पेला उचलून भरला नाही. आबा असोत की तो कोणी परका असो, ज्यानं माझं घर उपाशी राहू दिलं नाही, त्याला मी तहानलेलं ठेवून आले.

"आत्या?"

"नाही," मी म्हटलं.

पंखा फिरत होता. लेकीला ज्योतीनं छातीपासून सोडवलं, खांद्यावर घेऊन थोपटलं, आणि मग माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या कुशीला घेतलं.